ना धड बखर, ना धड दप्तर: रोमचे तिसरे शतक इतिहासकार कसे वाचतात

नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातील एका सोन्याच्या नाण्याची बातमी जगभर झळकली. नाण्यावर मुकुट घातलेला एक चेहरा आहे आणि नाव आहे स्पॉन्सियानस. या नावाचा सम्राट रोमच्या कोणत्याही प्राचीन ग्रंथात आढळत नाही. १७१३ साली ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात, जी नाणी सापडली असे सांगतात, त्यांपैकी हे एक. एकोणिसाव्या शतकात जाणकारांनी ते बनावट ठरवले आणि त्यानंतर ते कपाटातच राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पॉल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांना हाताळणीने पडणारे बारीक ओरखडे दिसले आणि दीर्घकाळ पुरलेल्या वस्तूवर घट्ट बसते तशी मातीही दिसली. त्यावरून त्यांनी नाणे अस्सल मानले आणि स्पॉन्सियानस हा २६० च्या सुमारास त्याच भागातल्या डेशिया या रोमन प्रांतात एकाकी पडलेला सेनापती असावा, असे मांडले. अनेक नाणेतज्ज्ञांना हे मान्य नाही. रोमन टाकसाळीत नाणी ठशावर ठोकून पाडली जात, हे मात्र साच्यात ओतलेले आहे. शिवाय त्याची मागची बाजू ही सुमारे चारशे वर्षे जुन्या नाण्याची नक्कल आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

ही बातमी वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. सीझर कोणत्या दिवशी आणि कुठे मारला गेला हे ज्या रोमच्या बाबतीत आपल्याला माहीत आहे, त्याच रोममध्ये एक सम्राट होता की नव्हता हेच विद्वानांना सांगता येऊ नये, हे कसे? त्याचे कारण त्या काळात दडलेले आहे. इसवी सन २३५ ते २८४ ही पन्नास वर्षे रोमच्या इतिहासातील सर्वांत धुमश्चक्रीची आहेत आणि सर्वांत अंधुकही आहेत. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यांचा गुंता सोडवणे हेच या काळाच्या अभ्यासकांचे मुख्य काम आहे.

घडले काय, ते थोडक्यात

इसवी सन २३५ मध्ये ऱ्हाइन नदीकाठी, आजच्या जर्मनीतील माइन्त्सजवळ, सम्राट सेव्हेरस अलेक्झांडर याला त्याच्याच सैनिकांनी त्याच्या आईसह ठार मारले आणि मॅक्सिमिनस नावाच्या सेनानीला गादीवर बसवले. तीन वर्षांनी, २३८ मध्ये, एकाच वर्षात सहा जणांनी सम्राटपद मिरवले. २५१ मध्ये सम्राट डेशियस आजच्या बल्गेरियात गॉथ टोळ्यांशी लढताना रणांगणावर पडला. परकीय शत्रूच्या हातून लढाईत मरण येणारा तो पहिला रोमन सम्राट मानला जातो. २६० मध्ये त्याहून मोठी नामुष्की ओढवली. सम्राट व्हॅलेरियन हा इराणच्या सासानी घराण्याचा राजा शापूर याच्या हाती जिवंत सापडला आणि पुन्हा कधीच परतला नाही. त्याच सुमारास साम्राज्याचे तीन तुकडे झाले. पश्चिमेला गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ऱ्हाइनचा काठ आणि ब्रिटन येथे पोस्टुमस याने स्वतंत्र राज्य थाटले, पूर्वेची सूत्रे सीरियाच्या वाळवंटातील पाल्मायरा या व्यापारी नगराकडे गेली, आणि रोमच्या सम्राटाकडे मधला भाग उरला. २७० ते २७५ या काळात राज्य करणाऱ्या ऑरेलियन याने पाल्मायराची राणी झेनोबिया हिला हरवून आणि नंतर पश्चिमेचा भाग परत घेऊन साम्राज्य पुन्हा सांधले. त्याला मात्र त्याच्याच माणसांनी मारले. २८४ मध्ये डायोक्लेशियन गादीवर आला आणि वीस वर्षे टिकला. तेथे हा काळ संपला असे मानण्याची प्रथा आहे.

सम्राट इतके का झाले?

याचे उत्तर सैनिकांच्या हावेवर किंवा सेनापतींच्या महत्त्वाकांक्षेवर ढकलणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. रोममध्ये गादीच्या वारसाचा कायदा कधीच नव्हता. सैन्याने जयघोष करावा, सिनेट नावाच्या सरदारसभेने मान्यता द्यावी आणि शक्य तर आधीच्या सम्राटाशी नाते दाखवता यावे, एवढ्यावर काम चाले. घराणे भक्कम होते तोवर ही फट दिसली नाही.

समजा, एका तालुक्यात अग्निशमनाचा बंब एकच आहे आणि एका रात्री तीन टोकांच्या तीन गावांत आग लागली. बंब एका गावात गेला की उरलेली दोन गावे आपल्यातलाच एखादा खमक्या माणूस पुढे करून विहिरीवरून पाण्याच्या बादल्यांची रांग लावतील. त्यात तालुक्याविरुद्ध बंड करण्याचा हेतू नसेल. रोमच्या सम्राटाची स्थिती अशीच झाली. ऱ्हाइन, डॅन्यूब आणि युफ्रेटिस या तिन्ही सरहद्दी एकाच वेळी पेटल्या. जेथे सम्राट नव्हता तेथे जो सेनापती जिंकला, त्यालाच त्याच्या सैनिकांनी सम्राट म्हणून घोषित केले, आणि एकदा तसे घोषित झाल्यावर माघार घेणे म्हणजे मरणच होते. पोस्टुमसने रोमवर चाल करून जाण्याचा प्रयत्न केला नाही. तो ऱ्हाइनचे रक्षण करत राहिला. म्हणूनच अभ्यासक आज त्याच्या राज्याकडे निव्वळ फुटीरपणा म्हणून पाहत नाहीत, तर केंद्राकडून न मिळालेली सुरक्षा स्थानिकांनी स्वतः उभी केली, असे पाहतात.

बखर हाती आहे, पण ती खोटी आहे

या काळाचा प्रत्यक्षदर्शी इतिहासकार जवळजवळ नाही. कॅशियस डायो २२९ मध्ये थांबतो, हेरोडियन २३८ मध्ये. त्यापुढची सलग हकिकत देणारा लॅटिनमधील एकच मोठा ग्रंथ शिल्लक आहे, त्याला ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ म्हणतात. सहा वेगवेगळ्या लेखकांनी डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइन यांच्या काळात लिहिलेली ही सम्राटांची चरित्रे आहेत, असे तो स्वतःच सांगतो.

१८८९ मध्ये हेरमान डेसाउ या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले की हे सहा लेखक म्हणजे एकच माणूस असावा आणि त्याने हे सारे चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिले असावे. ज्या घराण्यांना चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातच महत्त्व आले, त्यांचे पूर्वज यात कौतुकाने वावरतात; सहा ‘लेखकां’ची लकब एकच आहे; आणि त्यात उद्धृत केलेली पत्रे, भाषणे व सिनेटचे ठराव मोठ्या संख्येने रचलेले आहेत. ‘तीस जुलमी’ या प्रकरणात गादीवर हक्क सांगणाऱ्यांची जी यादी आहे, तिच्यातील काही माणसे कधी जन्मलीच नव्हती.

मराठी वाचकाला हा पेच नवा वाटू नये. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून छापायला घेतली, त्यामागे हीच तळमळ होती: बखरकार पुष्कळ उशिरा लिहितो, ऐकीव सांगतो, कधी नावे आणि वर्षे उलटीपालटी करतो, म्हणून त्या त्या दिवशी लिहिलेला अस्सल कागद हाती हवा. फरक एवढाच की, मराठ्यांच्या बाबतीत पत्रांची दप्तरे मिळाली. रोमच्या तिसऱ्या शतकाच्या बाबतीत राज्याचे दप्तर नाहीसे झाले आणि हाती उरली ती बखरीहून वाईट अशी बखर.

अधूनमधून मात्र नशीब साथ देते. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक जुने चामड्याचे हस्तलिखित आहे. मध्ययुगात त्यावरचा मूळ मजकूर खरवडून वर दुसरा लिहिला गेला होता. याना ग्रुस्कोवा यांनी त्या पानांतील खालचा मजकूर ओळखला, वेगवेगळ्या प्रकाशतरंगांत छायाचित्रे घेऊन तो वाचला गेला, आणि गुंथर मार्टिन यांच्यासह त्यांनी २०१४ मध्ये त्याचा काही भाग प्रसिद्ध केला. तो बहुधा अथेन्सच्या डेक्सिपस याच्या हरवलेल्या इतिहासाचा तुकडा आहे. डेक्सिपस त्याच शतकातला, गॉथांच्या स्वाऱ्यांच्या काळात जगलेला माणूस. थेसालोनिकीच्या तटाशी थोपवलेले गॉथ दक्षिणेकडे वळतात आणि थर्मोपिलीच्या खिंडीत ग्रीक लोक मिळेल ते हत्यार घेऊन त्यांना अडवायला उभे राहतात, हे वर्णन त्या पानांत आहे. जवळपास सतराशे वर्षांनी एका माणसाचा आवाज खरवडलेल्या चामड्यातून पुन्हा ऐकू यावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

नाणी काय सांगतात, आणि कोणाची साक्ष घ्यावी

नाणे हा राज्याने स्वतः काढलेला दस्तऐवज आहे. गादीवर आलेल्याला सैनिकांचे पगार द्यायचे असत आणि ते स्वतःच्या चेहऱ्याच्या नाण्यांत देणे हीच सत्तेची द्वाही होती. म्हणून जो सम्राट दोनच महिने टिकला त्याचीही नाणी सापडतात. ही पद्धत आपल्याकडेही ओळखीची आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव झाला, हे त्या नाण्यांनी कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्ट सांगितले.

रोमच्या बाबतीत याचे सर्वांत बोलके उदाहरण डोमिशियानस याचे आहे. सन १९०० मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या नावाचे एक नाणे मिळाले. पहिल्या शतकातील प्रसिद्ध सम्राटाशी नाव जुळणारा, पण चेहरा आणि घडण तिसऱ्या शतकाची असलेला हा कोण, हे कोणालाच कळेना, तेव्हा कोणीतरी नाव बदलून बनावट नाणे केले असणार असा निकाल देऊन ते बाजूला ठेवले गेले. २००३ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरच्या चाल्ग्रोव्ह गावात एक मातीचा हंडा सापडला. त्यात सुमारे पाच हजार नाणी शतकानुशतकांच्या गंजाने एकमेकांना चिकटलेली होती. संग्रहालयात तो गोळा सोडवताना एका नाण्यावर दाढी, काटेरी किरणांचा मुकुट आणि तेच नाव निघाले. बंद हंड्यातल्या चिकटलेल्या गोळ्यात आधुनिक बनावट नाणे शिरू शकत नाही. पोस्टुमसने थाटलेल्या राज्यात, त्याच्यानंतर, २७१ च्या सुमारास, बहुधा काही दिवसांपुरता, डोमिशियानस नावाचा सम्राट होऊन गेला, हे आता मान्य झाले आहे, आणि फ्रान्समधल्या त्या नाण्याचीही शंभर वर्षांनी बाजू सावरली.

स्पॉन्सियानस आणि डोमिशियानस यांच्यातला फरक येथे दिसतो. एकाचे नाणे कोणत्या थरातून आले ते सांगणारा साक्षीदार नाही, दुसऱ्याचे हंड्यासकट आले. वस्तू कितीही मोलाची असली तरी ती कुठे, कशाबरोबर, कशाखाली होती हे माहीत नसेल, तर तिची अर्धी साक्ष गेलेली असते. धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरणाऱ्याने हंडा न फोडता तज्ज्ञांना बोलावणे, हे म्हणूनच इतके महत्त्वाचे आहे.

चांदी कुठे गेली?

सैन्याचा खर्च वाढला, खाणी आणि प्रांत हातचे गेले, आणि सम्राटांनी जुना मार्ग धरला: त्याच चांदीत जास्त नाणी पाडायची. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी रोमन दिनार जवळपास शुद्ध चांदीचा होता. दुसऱ्या शतकाच्या अखेरीनंतर त्यात चांदी निम्म्याच्या आसपास आली. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने एक नवे नाणे काढले, ज्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असे. ते बहुधा दोन दिनारांच्या भावाने चालवायचे होते, पण वजन दीड दिनाराचेच होते. २७० च्या आसपास या नाण्यात दोन-तीन टक्के चांदी उरली, म्हणजे ते तांब्याचे आणि वर पांढरा मुलामा दिलेले असे झाले. दुधात पाणी घालणारा आधी पावशेर घालतो, कोणी बोलले नाही की अर्धा शेर. शेवटी पाण्याला दुधाचा रंग तेवढा उरतो. तसे हे झाले.

यावरून जुन्या इतिहासकारांनी सरळ हिशेब मांडला होता: नाणे हिणकस झाले, म्हणून महागाई भडकली, म्हणून अर्थव्यवस्था कोसळली. येथे इजिप्तमधल्या कागदांनी घोटाळा केला. पपायरस म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून केलेला कागद. कोरड्या वाळूत तो टिकला, त्यामुळे पावत्या, करार, तक्रारअर्ज, बाजारहाटाच्या याद्या असे सारे आपल्यापर्यंत आले. डॉमिनिक रॅथबोन यांनी त्यांतले भाव जुळवले तेव्हा दिसले की, चांदी उतरत असतानाही गव्हाचे भाव अनेक दशके साधारण एका पातळीवर राहिले आणि २७४ च्या सुमारास, म्हणजे ऑरेलियनने नाणे सुधारायला घेतले त्याच वेळी, ते एकदम सुमारे दहापट झाले. लोक नाण्यातली चांदी तोलून भाव ठरवत नव्हते. ते नाणे चालते या विश्वासावर व्यवहार करत होते. जुन्या नाण्याला नवा भाव लावून राज्याने स्वतःच तो विश्वास मोडला, तेव्हा भाव फुटले.

विश्वास डळमळीत होण्याचा एक क्षण तर आपल्याला थेट दिसतो. नोव्हेंबर २६० मधला, म्हणजे व्हॅलेरियन पकडला गेला त्याच वर्षाचा, ऑक्सिरिंकस नगरातला एक जाहीर हुकूम सापडला आहे. त्यात जिल्ह्याचा अधिकारी म्हणतो की पेढीवाल्यांनी पेढ्या बंद केल्या आहेत, सम्राटांचे नाणे घ्यायला ते तयार नाहीत. त्यांनी पेढ्या उघडाव्यात आणि उघड खोटे नाणे सोडून सगळे स्वीकारावे, नाहीतर शिक्षा होईल. त्या वेळी इजिप्तमध्ये मॅक्रियानस आणि क्विएटस या दोन भावांचे राज्य मानले जात होते आणि ते वर्षभरच टिकले. पेढीवाल्यांना नाण्यातल्या धातूची भीती होती की उद्या हे भाऊ हरले तर त्यांचे नाणे कोण घेणार याची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला दुसरे कारण अधिक जवळचे वाटते. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे दहा रुपयांचे नाणे बंद झाल्याची अफवा उठली होती. रिझर्व्ह बँकेने खुलासे केले तरी कितीतरी दुकानदार आणि रिक्षावाले ते घेत नव्हते. त्यांच्या नकारात धातूचा संबंध नव्हता, पुढचा माणूस हे घेईल का, एवढीच धास्ती होती.

एका कारभाऱ्याचे हिशेब

याच इजिप्तमध्ये फायूम नावाच्या खोलगट सुपीक भागाच्या काठावर थिएडेल्फिया हे गाव होते. ऑरेलियस अपियानस या अलेक्झांड्रियातल्या बड्या जमीनदाराची तेथे मळेदारी होती आणि २४९ ते २६८ च्या दरम्यान हेरोनिनस नावाचा कारभारी ती पाहत होता. त्याच्या दप्तराचे शेकडो कागद मिळाले आहेत. महिन्याअखेरचे हिशेब, द्राक्षमळ्यावर किती मजूर लावले, कोणाला धान्यात आणि कोणाला रोखीत मजुरी दिली, द्राक्षारसाचे किती बुधले कुठे पाठवले, अमक्या माणसाबरोबर गाढवे पाठव अशा वरिष्ठांच्या चिठ्ठ्या, असा सारा व्यवहार त्यांत आहे. रॅथबोन यांनी यावर १९९१ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतून दिसते ती अव्यवस्था नव्हे. वेगवेगळ्या मळ्यांची जनावरे एकत्र वापरून वाहतुकीचा खर्च वाचवणारी आणि पै-पैचा हिशेब ठेवणारी शेती त्यांत दिसते. डेशियस मेला, व्हॅलेरियन पकडला गेला, साम्राज्य तिघांत वाटले गेले, आणि या सगळ्या काळात हेरोनिनस बुधले मोजत राहिला.

पण म्हणून सत्तेचा हात त्या गावापर्यंत पोहोचत नव्हता असे समजू नये. डेशियसने साम्राज्यातल्या सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला होता. त्याप्रमाणे अर्पण केल्याचे दाखले आजवर चाळीसहून अधिक मिळाले आहेत, ते २५० च्या जून-जुलैमधले आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य याच थिएडेल्फियाचे आहेत. ‘मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे, आणि आता तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे तर्पण केले, बळी दिला, प्रसाद चाखला, तसे प्रमाणित करावे ही विनंती’ अशा अर्थाचा मजकूर, खाली साक्षीदारांच्या सह्या. ख्रिश्चनांना या हुकुमाने तुरुंग आणि मरण दिले. इतरांच्या वाट्याला रांगेत उभे राहून दाखला घेणे आले. एका उन्हाळ्यात गावोगावी एवढी कागदपत्रे करून घेणारे राज्य पार मोडकळीस आले होते असे म्हणणे कठीण आहे.

दगड खोटे बोलत नाहीत का?

बोलतात, पण कोणाच्या बाजूने ते सांगून बोलतात. इराणमध्ये पर्सेपोलिसजवळ नक्श-ए-रुस्तम येथे शापूरचा तीन भाषांतला भला मोठा लेख आहे; १९३० च्या दशकात उत्खननात तो उघडा पडला. सम्राट तिसरा गॉर्डियन लढाईत मारला गेला, नवा सम्राट फिलिप याने पाच लाख दिनार देऊन तह केला, आणि व्हॅलेरियनला आम्ही स्वतःच्या हातांनी धरले, असे शापूर लिहितो. रोमन ग्रंथ सांगतात की गॉर्डियनचा काटा फिलिपच्या कारस्थानाने काढला. आणि फिलिपची नाणी सांगतात की ‘इराण्यांशी शांतता प्रस्थापित झाली’. पाच लाखांचा उल्लेख त्या नाण्यावर अर्थातच नाही. एकाच घटनेच्या या तीन साक्षी समोरासमोर ठेवून त्यांतून निष्कर्ष काढायचा, हे अभ्यासकाचे रोजचे काम आहे.

दुसरा दगड जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा आहे, १९९२ मध्ये सापडलेला. विजयदेवतेची ही वेदी आहे. तिच्यावरचा मजकूर सांगतो की, २४ आणि २५ एप्रिल रोजी सेम्नोनेस अर्थात युथुंगी या टोळ्यांना मारून पळवले आणि इटलीतून धरून नेलेल्या हजारो कैद्यांची सुटका केली. लढणाऱ्यांत प्रांताचे सैनिक होते, जर्मनीच्या सरहद्दीवरचे होते आणि ‘गावचे लोक’ही होते. वेदी उभारल्याची तारीख ११ सप्टेंबर आहे, आणि वर्ष पोस्टुमसच्या नावाने दिले आहे. बहुतेक अभ्यासक ते २६० धरतात. आल्प्सच्या उत्तरेचा हा प्रांत पोस्टुमसला मानत होता हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्याच्या बंडाचे वर्षही या एका दगडामुळे पुन्हा ठरवावे लागले. त्या लेखातले पोस्टुमसचे नाव कोणीतरी नंतर छिन्नीने घासून काढले आहे. प्रांत पुन्हा रोमच्या हाती गेला तेव्हा कोणीतरी त्या वेदीसमोर उभे राहून ती अक्षरे एकेक करून मिटवली असणार, आणि तरीही ती वाचता येतात.

मग याला अरिष्ट म्हणावे की नाही?

यावर गेली शंभर वर्षे वाद चालू आहे. मिखाईल रोस्तोव्त्सेफ यांनी १९२६ मध्ये हा काळ खेड्यातून भरती झालेल्या सैन्याने शहरी सुखवस्तू वर्गावर उगवलेला सूड म्हणून मांडला. ते स्वतः क्रांतीनंतर १९१८ मध्ये रशिया सोडून आलेले होते, आणि त्या अनुभवाची छाया त्यांच्या मांडणीवर आहे हे पुढे सर्वांनी ओळखले. गेझा आल्फल्डी यांनी त्या काळच्या लोकांनाच आपण संकटातून जात आहोत असे वाटत होते, हे त्यांच्याच लिखाणातून दाखवले. १९९३ मध्ये कार्ल श्ट्रोबेल यांनी ‘अरिष्ट’ हा शब्दच नाकारला. १९९९ मध्ये क्रिस्टियान विट्शेल यांनी पश्चिमेचे प्रांत एकेक करून तपासले आणि दाखवले की, सगळीकडे एकच चित्र नव्हते. ऱ्हाइनपलीकडचा भाग रोमला सोडावा लागला. पण आजच्या ट्युनिशियात मात्र शहरे भरभराटीला होती. तेथल्या एल जेम गावी या शतकात बांधलेले, सुमारे ३५ हजार प्रेक्षक मावतील असे प्रेक्षागार अजून उभे आहे. उलट वोल्फ लीबेशुट्झ यांनी बजावले की, चांगली उदाहरणे गोळा करून राज्य मोडल्याची वस्तुस्थिती पुसता येत नाही.

मला स्वतःला असे वाटते की २५० ते २७५ या पंचवीस वर्षांसाठी हा शब्द वापरावाच लागतो, पण तो राज्याला लावावा, समाजाला सरसकट लावू नये. गादी, खजिना आणि सरहद्द या तिन्ही गोष्टी खरोखर ढासळल्या. इतर सगळे किती ढासळले, हे प्रांतागणिक आणि गावागणिक पाहावे लागते.

‘पण इतके हंडे पुरले गेले, ते भीतीनेच ना?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. या काळातले नाण्यांचे हंडे विलक्षण मोठ्या संख्येने सापडतात. आपल्याकडेही गुप्तधन म्हटले की पेंढारी किंवा दरोडेखोर यांच्या भयाने भिंतीत पुरलेला हंडा डोळ्यांसमोर येतो. पण पुरणे ही त्या काळची रोजची बाब होती, कारण घरात तिजोरी नव्हती. आपल्याला सापडतात ते पुरलेले सगळे हंडे नव्हेत, तर परत न काढलेले तेवढे. मालक मारला गेला असेल; पण ऑरेलियनच्या सुधारणेनंतर ती हिणकस नाणी उकरण्याच्या श्रमांइतक्याही किमतीची उरली नसतील, हेही तितकेच शक्य आहे. २०१० मध्ये इंग्लंडमधील फ्रोमजवळ एकाच रांजणात ५२,५०३ नाणी मिळाली. रांजण इतका पातळ होता की तो भरून उचलता आला नसता. आधी जमिनीत बसवून मग त्यात नाणी ओतली गेली होती. त्यामुळे ती देवतेला वाहिलेली असावीत, असा तर्क काही तज्ज्ञ करतात.

दुसरा आक्षेप साथीचा. २४९ च्या सुमारास सुरू झालेली महामारी कार्थेजचा बिशप सिप्रियन याने वर्णन केली आहे, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस एका पत्रात लिहितो की, शहरात धान्यवाटपाच्या यादीत आता १४ ते ८० वर्षांचे सगळे धरले, तरी पूर्वीच्या ४० ते ७० वर्षांच्या लोकांएवढी संख्या होत नाही. हे वाक्य अंगावर काटा आणणारे आहे. त्यावरून संपूर्ण साम्राज्यातल्या मृत्यूंचा आकडा काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण एका शहराच्या एका यादीवर, तीही एका शोकाकुल धर्मगुरूच्या पत्रातून आलेली, एवढा डोलारा उभा करणे मला धाडसाचे वाटते. हेरोनिनसच्या हिशेबांत त्याच वर्षांत मजूर मिळत होते.

थिएडेल्फियाचे पुढे काय झाले

हा वाद केवळ शब्दाचा नाही, त्याचा परिणाम पुढच्या इतिहासावर होतो. तिसरे शतक सर्वनाशाचे मानले, तर डायोक्लेशियन राखेतून साम्राज्य उभे करणारा ठरतो. ते असमान पडझडीचे मानले, तर त्याच्या पुष्कळ सुधारणांची मुळे आधीच्या धडपडीत दिसतात: सिनेटच्या सरदारांऐवजी शिपाईगिरीतून वर आलेल्यांना सैन्याची सूत्रे देणे व्हॅलेरियनचा मुलगा सम्राट गॅलिएनस याच्या काळी घडले होते, आणि रोम शहराभोवतीचा सुमारे १९ किलोमीटरचा तट ऑरेलियनने २७१ मध्ये बांधायला घेतला होता. अरिष्ट एका तारखेला सुरू होऊन दुसऱ्या तारखेला संपले, ही कल्पनाच मग सैल होते.

थिएडेल्फिया गाव तर आपल्याला याहून वेगळे काही सांगते. चौथ्या शतकातले तिथले आणखी एक दप्तर मिळाले आहे, साकाओन नावाच्या गावकऱ्याचे. तोवर साम्राज्य एकसंध झाले होते, गादीवर कॉन्स्टंटाइन होता, सोन्याचे नाणे खणखणीत होते. पण गाव कालव्याच्या शेपटाला होते. वरची गावे पाणी अडवत, कालवा गाळाने भरत होता, आणि टेलच्या शेतापर्यंत पाणी पोहोचतच नव्हते. साकाओन आणि त्याचे मोजके सोबती अधिकाऱ्यांना अर्जांवर अर्ज करतात की, बाकीचे गावकरी जमिनी टाकून निघून गेले, आणि सारा मात्र आमच्याकडून संपूर्ण गावाचा मागितला जातो. त्या शतकात गाव ओस पडले आणि वाळूने झाकले गेले. हेरोनिनसचे हिशेब, देवांना अर्पण केल्याचे दाखले आणि साकाओनचे अर्ज आज वाचता येतात ते त्याच वाळूमुळे.